एकच डोंगर की दोन?

आमच्या गच्चीवरून एक डोंगर दिसतो. माथ्यावर ना झाड ना झुडूप, म्हणून गाव त्याला बोडखा म्हणतं. माझं सासर आसेगावजवळ, माहेर जऊळक्याच्या बाजूला. माहेरच्या ओट्यावरूनही असाच एक उघड्या माथ्याचा डोंगर दिसतो. माझं लग्न झाल्यापासून आई त्याच्याकडे बोट दाखवून आल्यागेल्याला सांगते, "माही पोरगी त्याच्या मागं राह्यते."

पण हा तोच डोंगर कशावरून? या प्रश्नाने माझा कितीतरी वर्षं पिच्छा पुरवला. एसटी इतके वळसे घेत जाते की कुठे तोंड आणि कुठे पाठ, पत्ताच लागत नाही. नवऱ्याला विचारलं की तो हसायचा. "तुह्या माहेरचा अलग हाये. तो बैलाच्या वशिंडासारका, हा पालथ्या टोपल्यासारका." मी म्हणायची, माणूसही पुढून वेगळा दिसतो आणि मागून वेगळा, मग डोंगरानेच काय पाप केलं? मोबाईलवरचा नकाशा उघडून पाहिला. त्यात सगळा मुलूख सपाट हिरवा, उंच काय नि सखल काय, काही कळेना.

यंदा मात्र घाई झाली. आईला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "डोंगर आता धुकट दिसून राह्यला." तिला तो दिसेनासा होण्याआधी खरं काय ते शोधायचं, असं मी ठरवलं, आणि जेवताना जाहीर केलं की मी बोडख्यावर जाणार.

इथेच घोळ झाला. आमच्याकडे बाई डोंगर चढते ती नवस फेडायला. नुसतं पाहायला कोणी चढत नाही. मोठ्या जाऊबाईंचा घास हातातच राहिला.

"काय नवस बोलली होती वं? मले सांगितलं नाई कधी."

"काईच नाई बाई. वर जाऊन पाह्यतो म्हटलं."

"काय पाह्यतं? तिथं हाये काय?"

आईचं कारण सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी गप्प बसले. त्यावरून त्यांनी ठरवलं की नवस गुपित आहे. दुसऱ्या दिवशी नळावर बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत रोडग्यांचा बेत ठरलाही: कणकेचे जाड गोळे, ते भाजायला पोतंभर गोवऱ्या, वांग्याची भाजी, वरण, आणि हे सगळं खायला गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका. ट्रॅक्टरसुद्धा सांगून झाला होता.

मी कपाळाला हात लावला. माथ्यावर वारा सुसाट, गवत वाळून कोरडंठाक झालेलं. एक ठिणगी उडाली तर डोंगर पेटायचा. हे समजावून दमले, कोणी ऐकेना. शेवटी वैतागून म्हटलं, "वर जाळ करायचा नाई, असाच नवस हाये माहा." सगळ्या एकदम कबूल झाल्या. रोडगे पायथ्याला नाल्याजवळ ठरले. नवसाला आपल्या सोयीच्या अटी घालता येतात, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं!

मग खरी आखणी झाली. वर सावली नाही, म्हणून उजाडताच चढायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. पाणी आपलं आपण न्यायचं. कड्याला आग्या मोहोळ आहे का, हे नवऱ्याने बकऱ्या चारणाऱ्यांना विचारून घेतलं. साडीला कुसळं लागतील म्हणून मी लेकीचा पंजाबी ड्रेस घातला आणि पायात लेकाचे बूट. जाऊबाई म्हणाल्या, "दप्तर घेऊन शायेत चालली काय वं?" आणि स्वतः चपलेवरच माझ्यामागे निघाल्या. नवस एकटीने फेडू द्यायचा नाही, यावर त्या ठाम होत्या.

शेवटच्या चढावर वारा एवढा होता की त्या खालीच बसल्या. मी आणि नवरा वर गेलो. माथ्यावर शेंदूर फासलेला एक दगड, बाकी सगळं उघडं. माहेर दिसेल म्हणून मी दुसऱ्या बाजूला धावले. खाली तुरीची शेतं होती, तळं होतं, आणि त्याच्या पलीकडे, चांगला लांब, एक दुसरा डोंगर उभा होता. अगदी वशिंडासारखा. नवरा एक शब्द बोलला नाही, याचे मी आजही उपकार मानते.

गावात कधी मिळत नाही ती रेंज तिथे भरपूर होती. मी आईला फोन लावला. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ज्यासाठी चढले तेच झाकायचं तर चढले कशाला?

"माय, मी आमच्या डोंगरावर हाओ. तू पाह्यतं तो हा नाई. तुहा मधात दुसराच हाये. त्याच्या मागं हा बोडखा, अन् मी याच्याही मागं राह्यतो."

वाऱ्यात ऐकू यावं म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला.

"असं हाये काय," ती म्हणाली. "मी तं तुले जवळ समजत होती वं."

मला रडू फुटलं. वारा एवढा होता की तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"आजच येतो, माय," मी म्हटलं आणि उतरायला लागले.