पलंग आहेत ना?

हॉटेल बंद पडलं तेव्हा थोरल्या जावेबरोबर धाकटीलाही घरी बसवलं. खोल्या आवरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता हॉटेल नवा रंग लावून पुन्हा उघडलं होतं. भरती करायची तर आधी जुन्या माणसांना बोलवायचं, त्यातही आधी लागलेल्याला आधी, असा नियम. साहेबांनी मात्र परस्पर नवी माणसं घेतली.

धाकटी जाऊन उभी राहिली.

"खोली आवरणारीचं पदच राहिलं नाही," साहेब म्हणाले. "आता प्रसन्नता सहायक असतात."

"पलंग आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यांच्यावर चादर घालतात की प्रसन्नता?"

हाच प्रश्न तिने कामगार कार्यालयात विचारला. तिथल्या बाई आधी हसल्या, मग साहेबांना बोलावून त्यांनी चांगलंच झापलं. साहेब नरमले. एक जागा जुन्यांसाठी निघाली.

धाकटी नवी साडी नेसून गेली. साहेब गोड हसले. ते हसणं तिला अजिबात आवडलं नाही.

"नियमाने पहिला नंबर तुमच्या जाऊबाईंचा. त्यांचा फोन लागत नाही. उद्यापर्यंत आल्या नाहीत, तर जागा तुमची."

थोरली! धाकटी हेलपाटे घालत होती तेव्हा ही बया घरात लोळत होती. धाकटीला हॉटेलात हिनेच चिकटवलं होतं आणि ते ऐकवायची एकही संधी सोडली नव्हती. नुसतं गप्प बसलं की काम फत्ते.

धाकटी घरी आली. भांडी आदळली. नवरा म्हणाला, "मी काही बोललो नाही हं." त्याचंही खरं होतं.

पण गप्प बसायचं म्हणजे साहेबांच्याच पंगतीत बसायचं. त्या माणसाच्या अत्तरानेही तिचं डोकं दुखायचं. शिव्या देत ती जिना चढली.

"उठा, महाराणी. हॉटेलात बोलावलंय. उद्याच."

थोरली डोळे चोळत उठली. "मला? आणि तू गं?"

"माझा नंबर तुमच्यानंतर."

"म्हणजे माझ्या मरणाची वाट बघणार!"

"छे, एवढं कशाला?" धाकटी तिच्या अंगावरचं पांघरूण ओढत म्हणाली. "पहिल्या दिवशी वेळेवर पोचून दाखवा. तिथेच माझं काम होतंय."