गाऱ्हाण्यावाचून गेलेली पद्मिनी

गेल्या मंगळवारी सकाळी अकराला आरटीओ कचेरीतल्या पासिंगच्या साहेबाने आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीवर अन्याय केला. मास्तरांच्या जुन्या पद्मिनी गाडीला मिस्त्रीने पुढे डिस्क ब्रेक बसवले होते. "मूळचे ड्रमच लावून आणा," साहेब म्हणाला.

"गुरुजींच्या घरच्या उतारावर ड्रम तापले की धरत नाहीत, साहेब."

"नियम आहे."

मिस्त्री ब्रेकचं काम झालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, "गाडी वेळेला थांबू दे, म्हाराजा," आणि मगच किल्ली देतो. काल ड्रम चढवून त्याने नारळ मास्तरांच्याच हातात ठेवला.

"गाऱ्हाणं घालत नाहीस?"

"देवाला खोटं कसं सांगू, गुरुजी?"

मास्तर त्याच उताराने घरी गेले. मी पत्रकं वाटणारा, हे पत्रक लिहायला बसलो.

तुम्ही तरी कचेरीत जा. साहेबाला मास्तरांशेजारी बसवून तो उतार उतरायला लावा.