मी लिहिलेली खाष्ट सासू

आता काय सांगू, लेखिका म्हणून माझं पहिलं नाटक झालं तेव्हा अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, एवढंच! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

सुरतेत केबल टीव्ही नुकता घराघरांत शिरत होता, तेव्हाची गोष्ट. आमचे हे सुरतेजवळच्या सचिन गावात एका कापड कारखान्याच्या ऑफिसात. सकाळी जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. घरात मी, चार महिन्यांची सई आणि बाळंतपणासाठी पारोळ्याहून आलेल्या सासूबाई. बाळंतपण संपलं, पण सासूबाईंचा मुक्काम काही संपेना!

मी नाशिकची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण त्या दिवसांत कोणी माझं नाव विचारलं असतं तर आठवावं लागलं असतं. दूध, लंगोट, शी, शेक. पुन्हा दूध. हे स्टेशनवरून जुने दिवाळी अंक आणायचे, तेवढाच श्वास. सई अंगावर पीत असली की दुसऱ्या हातात माझा अंक. दुपारी रेडिओवर खरखरत का होईना, मराठी श्रुतिका लागायची. एकदा ऐकता ऐकता वाटलं, काय ही मिळमिळीत सासू! आमच्याकडे या म्हणावं, अस्सल माल दाखवते!

झालं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि नाटिका लिहायला घेतली. डोकं चालवायची गरजच नव्हती. सासूबाई स्वयंपाकघरातून बोलायच्या, मी उतरवून घ्यायची.

"पोरीले भूक लागली की ती रडते. पुस्तक रडतं का वं?"

घेतलं!

"आम्ही पाच पोरं वाढवली, आरशात पाहाले वेळ नव्हता."

हेही घेतलं! सगळा राग त्या कागदावर ओतला. सासू खाष्ट, सून बिचारी, गुणी, पुस्तकवेडी. ओळखलंत ना कोण ते?

आमच्या भागातल्या मराठी बायकांचं एक मंडळ होतं. अध्यक्षा कुलकर्णीकाकू. त्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमासाठी नाटिका शोधत होत्या. मी माझी नेऊन दिली आणि इथे अक्कल पाजळली. घरी कळलं तर धडगत नाही, म्हणून सांगितलं, "आमच्या घरातल्या बाईनंच लिहिलंय. पण नाव अजिबात फोडू नका हं!"

काकूंना नाटिका भयंकर आवडली. सुनेचं काम मलाच दिलं. सासूचं काम करणारी मात्र ऐनवेळी तापानं आडवी झाली. काकू धावत आमच्या घरी. "आता कोण करणार हो?"

पाळणा हलवता हलवता सासूबाई म्हणाल्या, "मी करसू ना! त्यात काय शे!"

त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणजे आता त्यांची वाक्यं त्यांनाच वाचून कोण दाखवणार? मी! सईला मांडीवर घेऊन मी एकेक वाक्य वाचतेय. आता ओळखतील, मग ओळखतील...

त्यांनी पदराला डोळे पुसले. "किती भली बाई शे ही! किती सोसते! आन् ही सून कोनी शे वं, कैदाशीण?"

म्हटलं, "असेल कोणाची तरी."

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल गच्च. मी लिहिलेलं पहिल्या पाच मिनिटांत संपलं. पुढे सासूबाई मनानंच बोलत सुटल्या! पाच बाळंतपणं, विहिरीचं पाणी, लवकर गेलेला नवरा. आधी बायका हसल्या, मग नाकं ओढायला लागल्या. मी पुस्तक उघडून माझं करुण भाषण सुरू केलं, तर मागून कोणीतरी गुजरातीत ओरडलं, "अरे, चोपडी मूक ने!" पुस्तक खाली ठेव म्हणे! टाळ्या!

पडदा पडला तेव्हा सासूबाईंना बायकांनी गराडा घातला होता. मी एका कोपऱ्यात रडणाऱ्या सईला थोपटत होते.

तेवढ्यात काकूंनी माइक घेतला. "नाव फोडायचं नाही अशी अट होती. पण आता राहवत नाही!"

घरी महाभारत होईल, होऊ दे. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव घेणार होतं. पदर सारखा केला. एक पाऊल पुढेही टाकलं.

आणि काकूंनी सासूबाईंचा हात धरून वर केला. "या आपल्या लेखिका!"

सासूबाई गोंधळल्या. "ओ बाई, माले लिखता येत नही!"

"बघा, किती साधेपणा!" काकू गहिवरल्या. त्यांची नजर माझ्यावर गेली आणि चेहरा उजळला. "अच्छा! म्हणजे यांनी सांगितलं आणि सूनबाईंनी लिहून घेतलं! अक्षर फार छान आहे हो तुमचं."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. खरं सांगायची हीच वेळ होती. सांगितलं का?

मी म्हटलं, "थँक्यू."