आमोआकोची आठ बोटं

बादु घराच्या मागच्या खोलीत बसून चित्रांचे प्रोग्रॅम लिहितो. नोकरी नाही, साहेब नाही. कुमासी शहरातले छपाईवाले हेच त्याचं गिऱ्हाईक. त्याचा सगळ्यात चालणारा प्रोग्रॅम चौकात टांगायचं मयताचं पोस्टर करतो. ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा मोठा करायचा आणि केंटेचं रंगीत वस्त्र पांघरलेल्या भारदस्त अंगावर गळ्यापाशी बेमालूम जोडायचा. पुरुषांसाठी अंग एकच होतं, बादुच्या मेहुण्याचं. चार वर्षांत ताफो वस्तीतले निम्मे पुरुष त्याच्या पोटानिशी देवाघरी गेले. मेहुणा चौकाचौकात स्वतःला पाहून समाधानानं मान डोलवायचा.

बुधवारी सेरवामावशी आल्या. त्यांचा नवरा आमोआको सुतार, त्याची शनिवारी माती होती. पोस्टर गुरुवारी छापायला जाणार होतं. संगणकाच्या पडद्यावरचं पोस्टर त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चेहरा त्यांचा आहे. हात कुणाचे?"

गुडघ्यांवर मेहुण्याची दहा बोटं अंगठीसकट ऐसपैस विसावली होती. आमोआकोच्या डाव्या हाताची दोन बोटं करवतीनं लग्नाआधीच नेली होती.

बादुनं सांगितलं, ओपोकुमामांनी पसंत केलंय. ओपोकु म्हणजे मयताचे मामा, घराण्याचे प्रमुख. मेलेला माणूस मामाच्या घराण्याचा, बायकोचा नव्हे; तेव्हा बोलणं तिथंच संपायला हवं होतं.

"मामांनी तोंड पाहिलं. मी एकतीस वर्षं तो हात धरलाय, बाळा. परक्या हाताला मी रडणार नाही."

बादुनं मामांना फोन लावला. मामांचं म्हणणं असं, की वर गेल्यावर देव बोटं परत देतोच. आपण दोन दिवस आधी दिली तर त्याची काय हरकत असणार? आणि चौकात टांगायचा तो तुटका हात, त्यातून डावा!

शिवाय प्रोग्रॅमला मनगट ठाऊकच नव्हतं, फक्त गळा समजायचा. बादु कोपर टेकून बसला. टेबल आमोआकोनंच करून दिलेलं होतं. अंधार पडेपर्यंत तो प्रोग्रॅमला मनगट शिकवत राहिला. मावशींकडच्या जुन्या फोटोत रंध्यावर टेकलेला तीन बोटांचा हात होता, नखांत भुसा. तो त्यानं जोडला. भुसा तसाच ठेवला.

गुरुवारी सकाळी मामा काठी टेकत स्वतः आले. पडदा पाहून त्यांच्या भुवया चढल्या. बादुनं वाद घातला नाही. "मामा, हे टेबल त्या हाताचं," एवढंच म्हणाला.

मामांनी खण ओढला. तो आवाज न करता उघडला. ढकलला, परत ओढला, परत ढकलला. मग पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"अंगठी तरी घाल. मोकळा हात बरा दिसत नाही."

"कोणत्या बोटात, मामा?"

"आहे त्या."

शनिवारी चौकात पोस्टरखाली मेहुणा बराच वेळ रेंगाळला. पोट आपलंच आहे, अंगठीही आपलीच, पण हात काही आपला नाही, असं त्यानं शेजारच्या सुतकाच्या काळ्या कपड्यातल्या बाईला सांगितलं.

"नाहीच," सेरवामावशी म्हणाल्या.