रांगेत उभी विमानं

बायकोला मी सगळं सांगतो. पगार कापला तर सांगतो, सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली तर तीही सांगतो. हे एवढं सांगितलेलं नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. आत्ता लिहायला बसलो तरी दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान लागली नव्हती —

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखत असता तर तुम्हालाही मी "सगळं ठीक चाललंय" असंच म्हणालो असतो.

मी मूळचा कवठे येमाईचा. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन फिरायची, वडिलांनी शेती धरली. मी नववीत शाळा सोडली. जमत नव्हतं, आणि जमत नाही हे मास्तरांना सांगायची लाज वाटत होती. म्हणून जायचाच बंद झालो. बघा, तेव्हापासूनचं आहे हे. अवघड बोलायची वेळ आली की मी बाजूला होतो.

पुढं पाटसला शब्बीरमामांच्या पंक्चरच्या दुकानात कामाला लागलो. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, पण नात्यातल्या कुणी केलं नाही ते त्यांनी केलं. राहायला जागा दिली. मामी मला आधी जेवायला वाढायच्या, कारण माझं पोट मोठं, असं त्या म्हणायच्या. मामांच्या भाच्याची विमानतळावर ठेकेदाराशी ओळख होती. मामांनी त्याच्यामागं लागून लागून मला तिकडं चिकटवलं. लांबच्या शहरात. त्याचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथंच आहे. मी लोडर आहे. तुम्ही काउंटरवर बॅग देता ना — ती विमानाच्या पोटात आम्ही भरतो, वाकून, गुडघ्यांवर रांगत.

कोरोनात विमानं थांबली, आम्हाला घरी पाठवलं. मी पाटसला आलो. रस्त्याला गाडी नव्हती, मामांना स्वतःला काम नव्हतं. तरी म्हणाले, "बस इथं. पाना उचलायला कुणीतरी लागतंच की." विमानं परत सुरू झाली तेव्हा मला गाडीभाडंही त्यांनीच दिलं. हे सगळं का सांगतोय? पुढं जे केलं ते कुणाशी केलं, ते तुम्हाला कळावं म्हणून.

तर शेअर. लॉकडाऊनमध्ये बसून बसून गावातली पोरं मोबाईलवर शेअर घ्यायला शिकली, आणि पोरांकडून म्हातारी. मामांच्या दुकानापुढच्या बाकावर त्याचीच चर्चा. मामांकडं पैसे होते — त्यांनी आणि मामींनी हजला जायला साठवलेले. ती दोन वर्षं इथून कुणालाच जाता आलं नाही. बँकेचं व्याज मामा घेत नाहीत. मग पैसे नुसते पडून. दारूचा धंदा नको, व्याजाचा नको, असं करत करत ते विमान कंपनीपाशी आले, आणि मला फोन केला.

"बिरू, आत दारू देत्यात का रं?"

"देशातल्या देशात न्हाई, मामा. सँडविच देत्यात, त्ये बी पैसं घिऊन."

"मग हाय की चांगला धंदा. माणसं न्ह्यायची न् आणायची."

बाकावर बाजीराव आप्पा असायचे. कासुर्डीचे, मामांचे जुने मित्र, रोजचा चहा मामांकडं. आप्पांचं मत उलटं. मामा म्हणायचे, लोकं दोन वर्षं कोंडलेली हायेत, सुटली की उडणार, भाव वर जाणार. टीव्हीवरचे शेअरवालेही तेच बोलत होते. आप्पा म्हणायचे, "मांडव भरला म्हंजी मांडववाल्याचं भलं झालं व्हय? डिझेल महाग, मागलं कर्ज डोक्यावर, आन् उद्या नवी लाट आली तर? शब्बीर, तू टायर बघ." मामा त्यांना म्हणायचे, "तुला कुणी सांगितलं? टीव्हीनं. माझा मानूस आत हाय."

तो आतला माणूस म्हणजे मी. नववी नापाससुद्धा नाही, नववी सोडलेला. तुम्हाला कधी कुणी असं मत विचारलंय का, की ज्यावर चार मोठी माणसं गप्प होऊन फोन स्पीकरला लावतात? मला कुणी कधीच विचारलं नव्हतं. मी दर आठवड्याला सांगायचो. आणि सुरुवातीला खरंच सांगायचो. विमानं भरून जात होती. लग्नाच्या बॅगा, कुकर, नारळाची पोती, लहान पोरांच्या गाड्या — पोटात जागा उरायची नाही. भाव वर गेला. मामांनी आणखी घातले. मीही माझ्या पगारातून थोडे घेतले, त्याच कंपनीचे. मामांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा विमानतळाचं जाकीट घातलेला फोटो फिरला. आप्पांनीसुद्धा लिहिलं, "पोरगं हुशार निघालं."

मग त्या कंपनीची विमानं उभी राहायला लागली.

सगळ्या कंपन्यांची नव्हे. बाकीची भरून जात होती, प्रवासी काही कमी झाला नव्हता. ह्या एका कंपनीची मात्र आज एक उभं, पुढल्या महिन्यात आणखी. इंजिनं दुरुस्तीला गेली ती परत येत नाहीत, असं मेकॅनिक लोक डब्याच्या वेळी बोलायचे. विमानतळाच्या पार टोकाला त्यांची रांग लागली. इंजिनांच्या तोंडांना लाल कापडी झाकणं. विमान उडतं तेव्हाच कमावतं, हे आमच्यातल्या कालच्या पोरालाही कळतं. उभं राहिलं की ते जागेचं भाडं खातं.

मामांना सांगायला हवं होतं. कसं सांगायचं? मीच तर सांगितलं होतं, भरून जातात म्हणून. फोन हातात घ्यायचो आणि घरच्यांची चौकशी करून ठेवायचो.

शेवटी एक दिवस स्टाफच्या बसमधून त्या रांगेचा फोटो काढला. तिथं फोटो काढायला बंदी आहे. तो मामांना पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही. फोटो बघून त्यांचं त्यांनाच समजेल, मला बोलावं लागणार नाही — एवढाच माझा विचार.

मामांचा आवाजी मेसेज आला. मी तो पुढं कितीतरी वेळा ऐकला, मग पुसून टाकला. ते म्हणाले, "आरं, काय रांग हाय बाबा. आपल्या गव्हाणीपुढं लागती तशी. आन् लाल टोपडी बी घातल्यात, मामीला दावली. लई खूश झाली."

पाटसकडची माणसं असाल तर समजलंच असेल. नसाल तर सांगतो. साखर कारखान्यात जिथं उसाच्या मोळ्या टाकतात त्या गव्हाणीपुढं सीझनला ट्रॅक्टर उभे असतात, पार रस्त्यापर्यंत. जेवढी रांग लांब, तेवढा कारखाना जोरात. मामांचं दुकान त्या रांगेवर चालतं — उभ्या ट्रॉल्यांची टायरं, हवा, पंक्चर. रांग नसली की मामांच्या घरात काळजी. आयुष्यभर त्या माणसानं उभ्या गाड्या बघून बरकत ओळखली. त्यांना वाटलं, विमानं भरायला नंबर लावून थांबलीत.

मी लिहायला घेतलं, "मामा, तसं न्हाई." पुसलं. परत लिहिलं. पुसलं. त्यांनी फोटो ग्रुपवर टाकलासुद्धा होता, खाली लोकांचे अंगठे येत होते. मामी खूश झाल्या होत्या. मग मी लिहिलं — "व्हय मामा."

एवढंच. दोन शब्द. त्या आठवड्यात मामांनी हजच्या पैशांतले राहिलेलेही त्यात घातले.

इथंच थांबलो तर तुम्ही म्हणाल, भित्रा आहे बिचारा. कळतं मला, तुम्हाला तसं वाटावं असंच मी आतापर्यंत लिहीत आलो. पण अजून एक आहे. "व्हय मामा" पाठवल्यावर, त्याच बसमध्ये, त्याच फोनवर, मी माझे शेअर विकले. थोडेच होते. भाव चांगला मिळाला. विकणाऱ्याला घेणारा लागतो, आणि त्या आठवड्यात घेणाऱ्यांत मामा होते. माझेच त्यांच्याकडं गेले असं नव्हे. पण त्यानं काय फरक पडतो?

पुढचं तुम्हाला अंदाजानं कळेल. एक दिवस त्या कंपनीचं एकही विमान उडालं नाही. लोक बॅगा घेऊन काउंटरपुढं उभे, काउंटरवर कुणी नाही. शेअर पडत गेला आणि मग विकायला काढला तरी घेणारा मिळेना. हज सुरू झालं, पाटसची दोन घरं जाऊन आली. मामा-मामी गेले नाहीत. मामींचे गुडघे आता असे झालेत की पैसे आले तरी हजचं ते चालणं त्यांच्यानं होणार नाही. मामा मला फोनवर म्हणाले, "अल्लाचा बुलावा नव्हता. तू जिवाला लावून घिऊ नको." ते मला समजावत होते. मी ऐकत होतो.

आप्पांना मात्र हे पटलं नाही. बाकावर चारचौघांत बोलले, "त्या पोराला ठाव हुतं. आत काम करणाऱ्याला बंद पडल्याली गाडी वळखू येत न्हाई व्हय?" मामा उठून उभे राहिले म्हणे. म्हणाले, "माझं पोरगं हाय त्ये. ह्या दुकानात बसून त्याला खोटा म्हणायचं न्हाई." आप्पा चहा तसाच ठेवून गेले. तेव्हापासून आले नाहीत. तीस-पस्तीस वर्षांचा चहा होता तो.

मागच्या दिवाळीत मी पाटसला गेलो. मामींनी बसून बसूनच माझ्यासाठी खिमा केला होता. जेवण झाल्यावर मामा मला दुकानात घेऊन आले. वजन उतरलं होतं त्यांचं. बाकावर कुणी नव्हतं. म्हणाले, "बाजीराव आजारी हाय, आयकलं. मला जायचंय त्याच्याकडं. पर तू एकदा तुझ्या तोंडानं सांग, तुला ठाव नव्हतं. त्येच त्याच्या तोंडावर मारतो, मग बसतो त्याच्याजवळ. आन् ठाव आसंल, तर तसं सांग. मी त्येची माफी मागून यीन."

माझ्याकडं बघत होते. रागावलेले नव्हते. दोन्हीतलं काहीही मी बोललो असतो तरी त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी म्हणालो, "न्हाई मामा. मला कसं ठाव असंल?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चप्पल घातली आणि कासुर्डीला गेले, एका आजारी माणसाला खोटं ठरवायला. आप्पा खरं बोलत होते.