सरांच्या कूलरवरचा पत्रा

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. नोकरी हंगामी होती. विभागप्रमुखांनी सही केली तर कायम, नाहीतर जूनमध्ये घरी.

त्या वर्षी विभागप्रमुख सरांच्या डोक्यात विश्वाचा जन्म शिरला. विश्वाच्या बाळपणाची ऊब अजून आकाशात सूक्ष्म लहरींच्या रूपात उरली आहे; त्या लहरी एखाद्या दिशेने जास्त कंप पावतात का, हे आम्ही मोजायचं होतं. भल्याभल्यांना जे साधलं नव्हतं, ते आम्ही कॉलेजच्या गच्चीवर लहरी पकडणारा एक धातूचा कर्णा स्वतःभोवती फिरवून साधणार होतो. लहरींच्या कंपनाला अशी दिशा असेल, तर एका फेरीत यंत्राचा काटा दोनदा वर चढायला हवा.

मे महिन्यात तो चढला. अगदी दोनदा, आणि रोज. सरांनी इतवारीतून पेढे मागवले आणि स्वतःच्या सत्काराच्या निमंत्रितांची यादी माझ्याकडूनच लिहून घेतली.

प्रयोगशाळेतले वयस्कर परिचर तेवढे पेढा हातात धरून विचारात पडले होते. ते मला म्हणाले, "सर, काल वाऱ्यानं कूलरवरचं टिन पडलं होतं ना, तवा काटा हललाच नाही. काहून?"

सरांची खोली गच्चीवरच होती. खिडकीत कूलर, त्यावर सावलीसाठी तिरपा पत्रा, आणि शेजारी आमचा कर्णा. सर जेवायला गेल्यावर मी आणि परिचरांनी पत्रा उतरवला. काटा निपचित. परत ठेवला, तर काटा दोनदा वर. तापलेल्या गच्चीची ऊब तिरप्या पत्र्यावरून परतताना एकाच दिशेने जास्त कंप पावत कर्ण्यात शिरत होती, आणि आम्ही तिला विश्वाची ऊब म्हणून पेढे खाल्ले होते.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रा काढला तर कूलर तापते, अन् कूलर तापला की मी तापतो. तुझ्या कागदावर मलेच सही करायची आहे ना गा? मग विश्वाले कायची घाई आहे?"

मी बाहेर आलो, पाना मागितला आणि पत्र्याचे नट स्वतः आवळले. परिचर शिडी धरून उभे होते. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

सत्कार झाला. सही झाली. काही वर्षांनी सर निवृत्त झाले आणि ती खोली माझ्याकडे आली. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना मोजमापातला प्रामाणिकपणा शिकवायचो, आणि तास संपला की त्याच कूलरसमोर येऊन बसायचो. पत्रा मी कधीच काढला नाही.