बेसाचं माप आणि पिवळी बॅग

नागपूरच्या महाल भागात आमचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. दुकान नवऱ्याचं, म्हणजे त्याच्या वडिलांपासूनचं. पण लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि कापडाचे नमुने दाखवायचे, हे काम लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझ्याकडे आलं ते आलंच. शहराच्या टोकाला बेसाकडे धडाधड नवी घरं उभी राहायला लागली, तेव्हा तिकडची गिऱ्हाइकं मीच जमवली. तरीसुद्धा फोनवर कुणी मापाचं विचारलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "उद्या आमचा माणूस पाठवतो." दुसऱ्या दिवशी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, स्कूटी काढून तो माणूस म्हणून मी जायची. दार उघडणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे. मला राग यायचा आणि मजाही वाटायची, पण मी कधी काही बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा धरला. नमुन्यांची बाडं जाडजूड असतात. एका पुठ्ठ्याला रुमालाएवढे पन्नासेक तुकडे शिवलेले, आणि अशी दोन-तीन बाडं कापडी पिशवीत घालून मी उजव्या खांद्यावर अडकवायची. एवढी वर्षं अडकवली, मग खांद्यानं हात टेकले. वेणी घालता येईना, पाठीमागे हात नेता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सगळं वजन एकाच बाजूला येतं, ते आधी थांबवा.

व्यायामानं हात थोडा वर जायला लागेपर्यंत उन्हाळा तोंडावर आला, आणि नवऱ्यानं फैसला केला. "आता तू गल्ल्यावर बस. बेसाले मी माणूस ठेवतो."

या वेळी खराच माणूस.

मला गल्ल्यावर बसायचं नव्हतं. गल्ल्यावर काय वाईट आहे असं कुणी विचारेल, तर वाईट काही नाही, पंखा आहे, चहा वेळेवर येतो. पण मला लोकांची नवी, रिकामी घरं फार आवडतात. आत नव्या रंगाचा वास असतो, आपलाच आवाज घुमतो, आणि मी खिडकीत उभी राहून ऊन कुठून येतं ते बघते. त्या घरात अजून कुणी राहिलेलं नसतं आणि त्यात पहिली राहून बघणारी मी असते. हे माझ्या हातून जाणार म्हटल्यावर मी रात्रभर तळमळले आणि सकाळी जाहीर केलं, की दोन्ही खांद्यांवर वजन येईल अशी पाठीवरची बॅग मी घेणार.

"आता या वयात दप्तर घेऊन शाळेत जातं काय वं?" नवरा म्हणाला.

"शाळेत नाही, बेसाले जाते."

मग त्यानं अट घातली. रोज संध्याकाळी परत आल्यावर उजव्या हातानं दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा कापडाचा तागा खाली काढून दाखवायचा. ज्या दिवशी निघणार नाही, त्या दिवशी बेसाला माणूस. मी म्हटलं, चालेल.

बॅग घ्यायला मी सदरच्या बाजारात गेले, दोन बाडं सोबत घेऊनच. तिथल्या एका चकचकीत दुकानात गेले आणि काउंटरवर बाडं ठेवली, तेव्हा तिथली विक्रेती मुलगी मला वाटलं वॉचमनला हाक मारते की काय. पहिली बॅग काळी, जिकडेतिकडे चेनी, पण तोंड इतकं लहान की बाड आत जाता जाईना. दुसरी दिसायला नाजूक आणि तिचे पट्टेही तसेच नाजूक. वजन टाकल्याबरोबर ते खांद्यात रुतले. तिसरी एका कोपऱ्यात उभी होती. हो, उभी. बाकीच्या बॅगा टेकून बसल्या होत्या, ही आपली आपण उभी होती. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा जो पिवळा रंग असतो तो जाड कापडाला, आणि तपकिरी चामड्याचे रुंद पट्टे. खरं म्हणजे बाडं घालून बघायच्या आधीच मी तिच्यावर भाळले होते. पण भाळून चालणार नव्हतं. मी दोन्ही बाडं आत घातली, बॅग पाठीवर चढवली, दुकानात चार फेऱ्या मारल्या, स्टुलावर बसून उठून बघितलं, आणि शेवटी उजवा हात वर करून रॅकवरची एक सुटकेस खाली काढली.

"आँटी, ये कॉलेज गोइंग लडकियों का कलेक्शन है," ती मुलगी म्हणाली.

"काहून बाई, पाठ काय कॉलेजच्या पोरींलेच असते?" मी म्हटलं. ती हसली आणि तिनं मला आरशापुढे नेलं. किंमत मी इथे सांगत नाही, घरातही सांगितलेली नाही.

नवऱ्यानं बॅग उलटीपालटी करून पाहिली. "पडदे इकाले चालली का पिकनिकले?" एवढं बोलून झालं. पण खरी कुरापत त्यानं दुसऱ्या दिवशी काढली, आणि ती मला लागली.

आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडताना जवळ कांदा ठेवतात. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही असं मानतात. खिशात, पिशवीत, पर्समध्ये, कुठेही. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात, ऊन तापायला लागलं की नवरा माझ्या पिशवीत न बोलता एक कांदा टाकायचा. खरंच ऊन लागत नाही का, याचा मी कधी विचार केला नाही. संध्याकाळी तोच कांदा भाजीत चिरायचा, दुसऱ्या दिवशी नवा. त्या सकाळी मी बॅग भरून उभी होते आणि तो म्हणाला, "त्या डिझायनर बॅगेत कांदा शोभत नाई. तुयं तू पाय." मी हसण्यावारी नेलं, पण वाटेत पार मानेवाड्यापर्यंत मला रडू येत होतं, हे खरं आहे.

पहिल्या दिवशी मी मूर्खपणा केला. कॉलेजच्या मुली बॅग एकाच खांद्यावर टाकतात ते बघून मीही तशीच टाकली. छान दिसत होती. संध्याकाळी तागा अर्ध्यावर आला आणि हात तिथेच अडकला. नवऱ्यानं स्वतः तो खाली काढला. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

"आज धरू नका, आज मले बॅग घालता आली नाही," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. एक दिवस माफ.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पट्टे, आणि ते ओढून घट्ट. मग बॅगेचे गुण-दोष एकेक कळत गेले. पाठीला घाम येतो, कुर्ता चिकटतो, यावर उपाय नाही. चेनीला शोभेचा चामडी गोंडा होता, तो एका सिग्नलवर माझ्या स्कार्फमध्ये गुंतला आणि हिरवा दिवा लागला तरी मी मान वाकडी करून उभी. घरी येऊन पहिलं काम म्हणजे तो गोंडा कात्रीनं कापला. बाहेरच्या बाजूला पाण्याच्या बाटलीचा कप्पा आहे, पण त्यात माझी बाटली जात नाही. कुणाची जात असेल देव जाणे. पण बॅगेचं अस्तर पांढरट आहे, त्यामुळे आत काळी टेप शोधत बसावं लागत नाही. तोंड पूर्ण उघडतं, बाड ओढून काढावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती उभी राहते. नव्या घरात टेबल-खुर्ची काही नसतं, माझी कापडी पिशवी लवंडायची आणि नमुने सिमेंटच्या धुळीत पडायचे. ही बाई मात्र हॉलच्या मधोमध ताठ उभी. गिऱ्हाईक तिच्याकडे बघायचं, मग माझ्याकडे बघायचं, आणि बोलण्याचा सूर जरा बदलायचा. मला ते आवडत होतं.

संध्याकाळी तागा खाली येत होता. नवरा मात्र हार मानत नव्हता. "हे लहान लहान फ्लॅट झाले. तो बंगला होऊ दे, मंग बोल."

तो बंगला म्हणजे बेसाच्या एका ले-आउटमधलं दुमजली घर. उंचच उंच खिडक्या, आणि घरमालकिणीनं एका मोठ्या शोरूमच्या लोकांनाही बोलावलं होतं. काम मिळालं असतं तर उन्हाळ्यातलं सगळ्यात मोठं. गेलं असतं, तर नवऱ्याला माणूस ठेवायला आयतं निमित्त.

मी भर दुपारी पोचले. घरमालकीण तिशीची, घरूनच कंपनीचं काम करणारी. बोलायला गोड पण नजर बारीक. मी बॅग उभी केली, बाड काढलं आणि सगळ्यात आवडता पांढरट लिननचा नमुना उलगडून बाड तिच्या हातात दिलं. तिनं तो उजेडात धरला, बोटांनी चोळला, आणि मग नाकाजवळ नेला.

"काकू, याला कांद्याचा वास येतोय."

मी बॅगेत हात घातला. पाठीला लागून लॅपटॉपचा एक सपाट कप्पा आहे, जो मी कधी वापरत नाही. त्यात कांदा होता. माझी पाठ आणि बाड यांच्यामध्ये महालापासून बेसापर्यंत चेंगरून त्याचा पार चेंदामेंदा झाला होता आणि रस अस्तरातून बाडावर उतरला होता. मी स्कार्फ बांधत असताना नवऱ्यानं गुपचूप टाकला असणार, आणि नव्या बॅगेचे कप्पे ठाऊक नसल्यानं नेमका चुकीच्या ठिकाणी.

मला असा संताप आला की काय सांगू. आणि त्या संतापाच्या खाली, अगदी त्याच क्षणी, मी निर्लज्जासारखी खूश झाले. टाकला तर खरा.

पण काम हातचं जात होतं. ती मुलगी नमुना दोन बोटांत धरून उभी होती.

"कांदाच आहे," मी म्हटलं. "ऊन लागू नये म्हणून जवळ ठेवलेला, तो चेंगरला. आता एक करू या. पडदा म्हटला की फोडणीचा वास येणार, पोरांचे हात लागणार, धूळ बसणार. आज कांदा लागलाय तर आजच धुऊन बघू. वास राहिला किंवा रंग गेला तर हे कापड घेऊच नका."

तिनं काही म्हणायच्या आत मी कात्रीनं तो तुकडा बाडातून कापला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये साबण लावून धुतला. चांगला पिळला. बाल्कनीच्या कठड्यावर टाकून माझ्या केसांचा चाप त्याला लावला. नागपूरचं ऊन एरवी जीव घेतं, त्या दिवशी म्हटलं, आता जरा कामाला ये.

तोवर मी मापं घ्यायला लागले. रंगाऱ्यांच्या स्टुलावर चढून, उजव्या हातानं टेप थेट स्लॅबपर्यंत नेली. एक खिडकी, दुसरी, जिन्यातली, वरच्या मजल्यावरच्या. खाली उतरल्यावर लक्षात आलं की एवढा वेळ खांदा मला आठवलाच नव्हता.

बाल्कनीतला तुकडा पापडासारखा खडखडीत वाळला होता. मी तिच्या हातात दिला. तिनं वास घेतला, परत घेतला. मग स्वतःच बाडात उरलेल्या त्याच्याच पट्टीवर आणि शेजारच्या तुकड्यावर ठेवून बघितला. आटला नव्हता, रंग तोच होता.

"काल शोरूमचे जे आले होते ते सॅम्पलला हातसुद्धा लावू देत नव्हते," ती म्हणाली. "काकू, खालचं आणि वरचं, सगळं तुम्हीच करा."

परत येताना मानेवाड्याच्या सिग्नलवर मी स्कार्फच्या आत एकटीच हसत होते. स्कार्फचा हा एक फायदा आहे, कुणाला कळत नाही.

दुकानात शिरले आणि तो चेंगरलेला कांदा गल्ल्यावर ठेवला. नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वास आला का?"

"घरभर."

"मंग गेलं काम?"

"सगळं घर मिळालं. वर-खाली दोन्ही मजले." मी बॅग उतरवली. "आणि काय हो, डिझायनर बॅगेत कांदा शोभत नाही ना?"

"ऊन काय बॅग पाहून लागते?" तो म्हणाला आणि उगाच कात्री शोधायला लागला.

मी त्याला विचारलंच नाही. सरळ वरच्या फळीकडे हात नेला, मखमलीचा तागा, जो आमच्या दुकानात सगळ्यात जड, तो उजव्या हातानं खाली ओढला, खांद्यावर तोलला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं ताग्यावर हात फिरवला. "चहा सांगतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून बाहेर आले तर नवरा ओट्यावर बसला होता. एका बाजूला कांद्याची टोपली, मांडीवर माझी बॅग. पाण्याच्या बाटलीचा तो निकामी कप्पा आहे ना, त्यात तो एकेक कांदा घालून बघत होता. मोठा जाईना. लहान आत खुळखुळायचा. शेवटी एक असा सापडला की बरोब्बर बसला, चेंगरणार नाही आणि पडणारही नाही. मग त्यानं दोन्ही पट्टे ओढून बघितले, शिवण बोटानं तपासली. मी दारात उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बेसाचंच कुणीतरी होतं, त्या बंगल्यातल्या मुलीनं आमचा नंबर दिला होता. नवऱ्यानं फोन कानाशी धरला, एक हात बॅगेवर तसाच.

"हो, हो, मापाले उद्याच येतीन. नाई, माणूस नाई. आमच्या मिसेस येतीन, तेच पाहते बेसाचं सारं. घर सापडलं नाई तर तुमीच जरा गेटवर उभं राहा. लगेच ओळखान तुमी, पिवळी बॅग राहते त्यायच्या पाठीवर."